मागच्या एक्सलमधला आकडा

१९६९ साली अमेरिकेत ४२८ घनइंची 'कोब्रा जेट' इंजिनाची फोर्ड मस्टँग घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला इंजिन ठरल्यावरही एक निवड करावी लागे. मागच्या एक्सलचे गुणोत्तर कोणते हवे? लहान आकडा सांगितला तर नेहमीचे कोब्रा जेट मिळे. ३.९१ किंवा ४.३० सांगितले तर कारखाना इंजिनाच्या आतले सामानही बदलत असे. जास्त मजबूत कनेक्टिंग रॉड, त्यानुसार वेगळे संतुलन आणि पुढे इंजिन ऑइल थंड ठेवणारा कूलर. या जोडणीला 'ड्रॅग पॅक' आणि अशा इंजिनाला 'सुपर कोब्रा जेट' म्हणत. कागदावर दोन्ही इंजिनांची ताकद एकच, ३३५ अश्वशक्ती.

मागच्या चाकांमधल्या दोन गिअरच्या दात्यांचा हिशेब बदलला म्हणून पुढच्या इंजिनाचे रॉड बदलावे लागतात, हे ऐकायला विचित्र वाटते. पण फोर्डच्या इंजिनिअरांना ठाऊक होते की ४.३० निवडणारा माणूस इंजिनाला सतत ओरडायला लावणार. अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या गाड्यांचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास या एका आकड्यातून वाचता येतो. माझ्या मते त्यात इंजिनाच्या ताकदीपेक्षा पेट्रोलच्या भावाचा हात मोठा आहे.

आधी आकडा म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला 'क्राऊन-पिनियन' म्हणतात, तीच ही जोडी. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असते, ते मोठ्या क्राऊन व्हीलला फिरवते. क्राऊनला ४३ आणि पिनियनला १० दाते असतील तर गुणोत्तर ४.३०. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्ट ४.३० फेरे घेतो. आकडा मोठा असेल तर गाडी जागेवरून जोरात उचलते, पण त्याच वेगाला इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतात. आकडा लहान असेल तर उलट. सायकलवर चढाला एक गिअर आणि सपाटीला दुसरा, तशीच ही गोष्ट. फरक इतकाच की एक्सलमधला गिअर चालता चालता बदलता येत नाही.

हे आकडे असे आडमुठे का असतात, ४.१०, ३.७३, ३.९१? सरळ चार किंवा साडेतीन का नाही? ४१ आणि १० यांना, तसेच ४१ आणि ११ यांना भागणारी सामाईक संख्या नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याला कधी ना कधी भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. फोर्डच्या ३.०० च्या जोडीत दाते ३९ आणि १३. तिथे पिनियनचा एक दाता आयुष्यभर क्राऊनच्या त्याच तीन दात्यांना भेटत राहतो, म्हणून अशा जोड्यांवर खुणा असत आणि बसवताना त्या जुळवाव्या लागत.

हेन्री फोर्डच्या मॉडेल टी मध्ये (१९०८ ते १९२७) क्राऊनला ४० आणि पिनियनला ११ दाते होते, म्हणजे गुणोत्तर ३.६४. गाडीला पुढे जाणारे गिअर दोनच, टायर ३० इंचांचा, इंजिन २० अश्वशक्तीचे आणि ही शक्ती मिळे मिनिटाला १६०० फेऱ्यांना. मेकॅनिक लोक एक सोपे सूत्र वापरतात. ताशी मैलांतल्या वेगाला गुणोत्तराने आणि ३३६ ने गुणायचे, टायरच्या इंचांतल्या व्यासाने भागायचे, की टॉप गिअरमधले इंजिनाचे फेरे मिळतात. ताशी ४० मैलांसाठी मॉडेल टी चा हिशेब केला तर उत्तर येते सुमारे १६३०. गाडीचा कमाल वेगही साधारण ४० ते ४५ मैलच होता. सपाट रस्त्यावर ती जिथवर पोहोचू शकत होती, तिथेच इंजिन आपली पूर्ण ताकद देत होते. त्या काळचे चिखलाचे रस्ते पाहता यापेक्षा शहाणा आकडा निवडता आला नसता. चढावर मात्र दोनच गिअर अपुरे पडत, म्हणून 'रक्स्टेल' नावाचा दोन वेगांचा एक्सल बाजारात आला आणि शेतकऱ्यांनी तो आवडीने बसवून घेतला.

१९३२ मध्ये फोर्डने स्वस्त व्ही-८ काढली. ६५ अश्वशक्ती, ३४०० फेऱ्यांना. ही जुनी झालेली गाडी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हातात पडली आणि हॉट रॉडचा शौक फोफावला. मडगार्ड काढा, छत कापा, इंजिनावर जास्तीचा कार्ब्युरेटर चढवा, आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्याच्या सपाट जमिनीवर जाऊन कमाल वेग मोजा. १९३७ मध्ये या लोकांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. तिथे एक्सलचा प्रश्न उभा राहिला. त्या काळच्या फोर्डमध्ये ३.७८, ४.११ असे आकडे सर्रास असत. २८ इंची टायर आणि ४.११ घेऊन ताशी १२० मैल गाठायचे तर इंजिनाने ५९०० फेरे घ्यायला हवेत. फ्लॅटहेड इंजिनाला ते झेपत नव्हते. ३.५४ ची जोडी मिळाली तर तेच काम ५१०० फेऱ्यांत. म्हणून लहान आकड्याची क्राऊन-पिनियन शोधत ही मंडळी भंगारवाल्यांकडे चकरा मारत.

महायुद्धानंतर शर्यतीची तऱ्हाच बदलली. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती रीतसर सुरू झाल्या, १९५१ मध्ये वॉली पार्क्सने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. आता उभ्या गाडीने पाव मैल आधी पार करायचा होता. कालपर्यंत लहान आकडा शोधणाऱ्यांना आज मोठा हवा होता, आणि बऱ्याच जणांना दोन्ही, कारण सोमवारी त्याच गाडीने कामावर जायचे असे. टेड हॅलिब्रँडच्या 'क्विक-चेंज' एक्सलने यावर तोड काढली. क्राऊन-पिनियन न उघडता, मागच्या झाकणाआडची दोन सरळ दात्यांची गिअर काही मिनिटांत बदलायची, की गुणोत्तर बदलले. मुळात हा माल शर्यतीच्या ट्रॅकसाठी, पण रस्त्यावरच्या हॉट रॉडखालीही तो दिसू लागला. त्याच्या गिअरचा किणकिणाट दूरवर ऐकू जाई आणि मालकाला त्याचाच अभिमान वाटे.

आकडा कामावरून ठरतो याचे चोख उदाहरण म्हणजे जीप. युद्धातल्या विलीस जीपचा एक्सल ४.८८ चा होता. शांतता आल्यावर कंपनीने तीच गाडी शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए म्हणून काढली आणि आकडा ५.३८ केला, कारण आता नांगर ओढायचा होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीसच्या जीप जोडायला सुरुवात केली, त्या याच घराण्यातल्या. अशी जुनी जीप हायवेवर का कण्हते, याचे उत्तर तिच्या एक्सलमध्ये आहे.

दरम्यान या दुहेरी गरजेवर एक उत्तर अमेरिकेला फार आधी सापडले होते. १९३४ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत बोर्ग-वॉर्नरचा ओव्हरड्राइव्ह आला. पुढे रूढ झालेल्या त्याच्या रूपात इंजिनाचे फेरे थेट ०.७० पटीवर येत. त्याच दशकात फोर्डसाठी कोलंबिया कंपनीचा दोन वेगांचा एक्सल मिळत असे. ओव्हरड्राइव्ह असलेल्या गाडीला कारखाना मुद्दाम मोठा आकडा द्यायचा, ४.११ किंवा त्याच्या पुढचा. उचल मोठ्या आकड्याची आणि लांबचा प्रवास लहान आकड्याचा. पुढच्या काळात बड्या इंजिनांचे वेड वाढले तसा ओव्हरड्राइव्ह काटकसरी गिऱ्हाइकांची वस्तू बनला आणि हळूहळू यादीतून गळाला. पेट्रोल इतके स्वस्त होते की त्याची उणीव कोणाला भासली नाही.

म्हणून १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून सुरू झालेल्या 'मसल कार'च्या जमान्यात तरुण गिऱ्हाइकापुढे खरा पेच असे. चार गिअरच्या बॉक्समध्ये चौथा गिअर थेट, एकास एक. त्यामुळे एक्सलमध्ये जे असेल तेच हायवेवर भोगायचे. २६ इंची टायरवर ४.३० घेतले तर पाव मैलाच्या शेवटी, ताशी १०० मैलांना, इंजिन सुमारे ५५५० फेऱ्यांवर असते. म्हणजे शर्यतीसाठी अगदी नेमके. पण तीच गाडी नव्या इंटरस्टेट महामार्गावर ताशी ६० मैलांनी चालवली तर इंजिन तासन् तास ३३०० च्या वर फिरणार. २.७५ असते तर २१००. ड्रॅग पॅकमधला तो ऑइल कूलर अशाच वापरासाठी होता. क्रायस्लरनेही 'सुपर ट्रॅक पॅक' नावाने ४.१० चा डाना ६० एक्सल विकायला ठेवला. कंपन्यांनी या आकड्यांची विक्री बढाईसारखी केली आणि पोरांनी ती विकत घेतली. शनिवारच्या दहा मिनिटांसाठी उरलेले सहा दिवस गाडीच्या आवाजाने डोके दुखवून घ्यायचे, हा सौदा आज आपल्याला वेडगळ वाटेल. पण गॅलनला तीस-पस्तीस सेंटच्या काळात तो तसा वाटत नव्हता.

अरबांनी तेल रोखले आणि मसल कार मेली, असे सरसकट सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. विमा कंपन्यांनी तरुणांच्या ताकदवान गाड्यांवर भरमसाट हप्ते त्याआधीच लावले होते. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याची चाहूल लागताच जनरल मोटर्सने १९७१ च्या इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले होते. रुग्ण आधीच खाटेवर होता. तेलाने बदलला तो एक्सल. ऑक्टोबर १९७३ मध्ये बहिष्कार सुरू झाला, पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ च्या जवळ गेला. २ जानेवारी १९७४ रोजी निक्सन यांनी देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा घालणाऱ्या कायद्यावर सही केली. १९७५ च्या कायद्याने कंपन्यांना सरासरी मायलेजचे बंधन घातले, १९७८ साठी गॅलनला १८ मैल, १९८५ साठी २७.५. मायलेज वाढवायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक्सलचा आकडा उतरवणे. नवे इंजिन घडवायला वर्षे आणि पैसा लागतो, दहा दाते इकडे-तिकडे करायला फारसे काही लागत नाही. पाहता पाहता २.७३, २.५६, अगदी २.४१ चे एक्सल कुटुंबाच्या गाड्यांत आले. त्या गाड्या सिग्नलवरून निघताना आधी विचार करत आणि मग हलत.

आणि मग तो जुना ओव्हरड्राइव्ह परत आला, या वेळी गिअरबॉक्सच्या पोटातच. १९८० मध्ये फोर्डचा चार गिअरचा ऑटोमॅटिक, १९८२ मध्ये जनरल मोटर्सचा ७००-आर४, आणि मस्टँगमध्ये बोर्ग-वॉर्नरचा पाच गिअरचा टी-५. याने काय साधले ते एका तुलनेत दिसते. साठच्या दशकातल्या मन्सी एम-२० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.५२. त्याला ४.१० चा एक्सल जोडला तर गुणाकार १०.३. गाडी जागेवरून कशी उचलेल ते हा गुणाकार सांगतो, आणि रस्त्यावरच्या गाडीला तो दहाच्या आसपास असावा असा जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा आहे. टी-५ चा पहिला गिअर ३.३५. त्याला ३.०८ चा एक्सल जोडला तरी उत्तर तेच, १०.३. पण ताशी ६० मैलांना पहिल्या गाडीचे इंजिन ३१८० फेऱ्यांवर असते आणि दुसरीचे, पाचव्या गिअरच्या ०.६८ मुळे, १६२० वर. उचल तीच, फेरे निम्मे.

आज जुनी गाडी बदलून घेणारे पुष्कळ जण इथेच फसतात. त्यांना १९६९ मधला ४.१० हा आकडा पाठ असतो आणि ते तो टी-५ च्या मागे लावतात. गुणाकार जातो १३.७ वर. पहिला गिअर चौक ओलांडायच्या आत संपतो, टायर नुसते जागेवर फिरतात. ऐंशीच्या दशकातल्या मस्टँग जीटीला कारखान्यातून २.७३ किंवा ३.०८ मिळे आणि शौकिनांनी अनुभवाने ३.५५ किंवा ३.७३ हा मधला मार्ग काढला. ३.७३ लावूनही पाचव्या गिअरमध्ये ताशी ६० मैलांना इंजिन २००० च्या खालीच राहते. टायर मोठा बसवला की हिशेब पुन्हा बदलतो, म्हणून आधी टायर ठरवावा आणि मग एक्सल. कॅमशाफ्ट शर्यतीचा असेल आणि इंजिनाला २५०० च्या खाली जीवच नसेल, तर लहान आकडा उपयोगाचा नाही.

शेवटी एक काम उरते, ते बरेच जण विसरतात. त्या मस्टँगमध्ये स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते, एक्सलच्या आधी. तिला मागे काय बदलले हे कळत नाही. २.७३ काढून ३.७३ बसवले आणि केबलच्या टोकाचे प्लॅस्टिकचे छोटे गिअर तेच ठेवले, तर ताशी ६० च्या वेगाला काटा ८२ दाखवतो आणि मैलांची नोंदही तितकीच फुगते. १९७९ च्या एका सरकारी नियमामुळे अमेरिकेतल्या गाड्यांच्या स्पीडोमीटरवर ८५ च्या पुढचे आकडे छापणे बंद झाले होते. नियम लवकरच मागे घेतला गेला, तरी मस्टँगमध्ये ती तबकडी पुढे कित्येक वर्षे बसवली जात होती. अशा गाडीत ताशी ६२ मैलांनाच काटा तबकडीच्या शेवटी जाऊन टेकतो.