न बांधलेल्या संग्रहालयाचे उद्घाटन

कलेतील प्रक्षोभ आपण सहसा नग्नतेत, रक्तात किंवा मूर्तिभंजनात शोधतो. बल्गेरियातील परफॉर्मन्स आर्टचा अलीकडील इतिहास पाहिला म्हणजे ही दृष्टी अपुरी वाटू लागते. तेथे एका साध्या घोषणेनेही तितकाच प्रक्षोभ साधला.

१० नोव्हेंबर १९८९ रोजी तोदोर झिव्कोव्ह यांची ३५ वर्षांची राजवट संपली. राज्यसंस्थेची चिन्हे मागे उरली. त्यांच्यामागील श्रद्धा ओसरली. १९४९ मध्ये सोफियात उभारलेली गेओर्गी दिमित्रोव्ह यांची समाधी १९९९ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आली. परंतु चिन्हापुढे मान तुकविण्याची सवय सुरुंगाने जात नाही.

इव्हान मुदोव्ह ह्या कलावंताने परीक्षा घेतली ती नेमकी ह्या सवयीची. २००१ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स शहरी बल्गेरियन वाहतूक पोलिसाचा गणवेश चढवून तो रस्त्यावर उभा राहिला व रहदारीचे नियमन करू लागला. त्या गणवेशाला परक्या देशात कसलाही अधिकार नव्हता. तरीही वाहनचालकांनी त्याचे इशारे मानले.

२००५ मध्ये त्याने पुढचे पाऊल टाकले. सोफियात तेव्हा समकालीन कलेचे संग्रहालय नव्हते. मुदोव्हने ‘मुसिझ’ ह्या नावाने, म्हणजे ‘समकालीन कला संग्रहालय’ ह्या बल्गेरियन शब्दांच्या संक्षेपाने, त्याचे उद्घाटन जाहीर केले. भित्तिपत्रके लावली, निमंत्रणे धाडली. स्थळ होते पोदुयाने रेल्वेस्थानक. ठरल्या वेळी लोक जमले. समोर होते ते केवळ स्थानक.

जे. एल. ऑस्टिन ह्यांनी दाखविले आहे की, काही उक्ती वर्णन करीत नाहीत, तर कृतीच करतात; मात्र वक्ता अधिकारी नसेल तर अशी उक्ती निष्फळ ठरते. त्या कसोटीस मुदोव्हची घोषणा उतरत नाही. परंतु तिचे मर्म ह्या निष्फळतेतच आहे. ज्यांना ही घोषणा करण्याचा अधिकार होता, ते मौन धरून होते. ज्याला नव्हता, त्याने ती केली. जमलेल्यांची फसवणूक झाली, हा आक्षेप खोडून काढता येत नाही. मात्र त्यांच्या उपस्थितीने एक गोष्ट सिद्ध झाली : संग्रहालय नसले, तरी त्याची अपेक्षा खरी होती.

२०११ मध्ये राष्ट्रीय कलादालनाची शाखा म्हणून ‘सोफिया आर्सेनल’ हे समकालीन कलेचे संग्रहालय उघडले. त्याचे श्रेय मुदोव्हला देणे इतिहासाच्या शिस्तीस धरून होणार नाही. परंतु ह्या वास्तूचा इतिहास लिहिताना, सहा वर्षांपूर्वी रेल्वेस्थानकावर ताटकळलेल्या त्या समुदायाला वगळून चालणार नाही, एवढे निश्चित.