उपचार करणारांचें हृदय

आलापल्लीच्या सागवानी जंगलांत झाडाची योग्यता घेरावरून ठरते. वनरक्षक छातीच्या उंचीवर खोडास फीत लावतो आणि आंकडा टिपून घेतो. घेर मोठा, तर झाड मोलाचें. मनुष्यदेहाचा हिशेब मात्र याच्या उलट आहे; आणि तो नीट उमगण्यास विसावें शतक अर्धें सरावें लागलें.

लंडनच्या दुमजली बसगाड्यांत ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर सारखा जिना चढे-उतरे. हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक आढळतो, हें डॉ. जेरी मॉरिस यांनीं १९५३ सालीं दाखविलें. पुढें १९५६ मध्यें गणवेशांचीं मापें पाहतां ड्रायव्हरांच्या विजारी कमरेंत अधिक रुंद निघाल्या. रोगाची खूण अशी शिंप्याच्या फितींत सांपडली.

रुग्णांची शुश्रूषा करणारांना तरी यांतून सूट आहे काय? अमेरिकेंत १९७६ पासून लाखाहून अधिक परिचारिकांच्या प्रकृतीची नोंद ठेवण्यांत आली. कित्येकींनीं आपली कंबर स्वतः मोजून कळविली. ज्यांची कंबर ३० इंच वा अधिक, त्यांना बारीक कंबरेच्या भगिनींपेक्षां हृदयरोगाचा धोका दुपटीहून अधिक, असें १९९८ मध्यें दिसून आलें. वर्षानुवर्षें आलटून-पालटून रात्रपाळी करणारींचाही धोका वाढतो, हें त्यापूर्वीं १९९५ मध्येंच आढळलें होतें.

हें केवळ परदेशचें दुखणें नव्हे. सेवाग्रामच्या संस्कारांत वाढलेल्या डॉ. अभय बंग यांनीं पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह १९८६ मध्यें गडचिरोलीच्या कार्यासाठीं ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. वयाच्या ४४ व्या वर्षीं त्यांनाच हृदयविकाराचा झटका आला. वैद्यकाचें ज्ञान ढाल ठरलें नाहीं. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकांत त्यांनीं आपल्या जीवनक्रमाची उलटतपासणी केली. त्याच संस्थेनें जिल्ह्यांतील ८६ खेड्यांतल्या मृत्यूंचा शोध घेतला. तो २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. सुमारें दर सात मृत्यूंमागें एक पक्षाघाताचा! शेतांत राबणारा देहही सुरक्षित नाहीं.

भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरांपलीकडे गेली, कीं सावध व्हावें, असा आजचा दंडक आहे. आलापल्लीसारख्या गांवीं इतरांच्या दंडास रक्तदाबाचा पट्टा बांधणारांनीं तो अधूनमधून आपल्याही दंडास बांधावा, कमरेस फीत लावावी. झाडास आपला घेर आपण मोजतां येत नाहीं, माणसास येतो.