डोळे तपासायचे किती पैसे?

‘येथे डोळे मोफत तपासून मिळतील’ ही चष्म्याच्या दुकानावरची पाटी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच रस्त्यावरच्या नेत्रतज्ज्ञाच्या दवाखान्यात मात्र तपासणीची फी द्यावी लागते. एकाच कामाला एकीकडे पैसे पडतात आणि दुसरीकडे पडत नाहीत, असे का? याचे कारण असे, की डोळे तपासणे हे एक काम नसून दोन आहेत. ती दोन्ही सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी, एका तपाच्या अंतराने शास्त्रशुद्ध झाली.

पहिले काम नंबर काढण्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात चष्मे फेरीवाल्याच्या पेटीतून निवडले जात. जो लावून बरे दिसेल, तो आपला! दृष्टी मोजायला सर्वमान्य माप नव्हते. १८५८ साली फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी हॉलंडमधील युट्रेक्ट येथे गरीब नेत्ररुग्णांसाठी रुग्णालय सुरू केले. तेथील त्यांचे सहकारी हर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यामागचे तत्त्व साधे आहे. निरोगी डोळ्याला एक मिनिट, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनात सामावणारा तपशील वेगळा दिसतो, असे मानायचे. मग अक्षराची रेघ एक मिनिटाची आणि पूर्ण अक्षर पाच मिनिटांचे ठेवायचे. ६/१८ याचा अर्थ, निरोगी डोळा जे १८ मीटरवरून वाचतो ते वाचायला या व्यक्तीला ६ मीटरवर यावे लागते. एका कागदी तक्त्याने दृष्टी आकड्यात आली, आणि तीही जवळजवळ फुकटात!

दुसरे काम डोळ्याच्या आत पाहण्याचे. बाहुली काळी का दिसते? आत गेलेला प्रकाश परत फिरतो तो आला त्याच वाटेने, दिव्याकडे. तो पाहायला आपण मध्ये डोके घातले तर दिवाच झाकला जातो. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली विद्यार्थ्यांना हे समजावून देण्याच्या तयारीत असताना यावर तोड काढली. तिरप्या धरलेल्या काचेवरून प्रकाश डोळ्यात परावर्तित करायचा आणि त्याच काचेतून आरपार पाहायचे. चष्म्याची भिंगे व काचेच्या पट्ट्या जोडून त्यांनी उपकरण तयार केले आणि जिवंत माणसाचे दृष्टिपटल पाहिले. १८५१ साली हे काम प्रसिद्ध झाले. आज दृष्टिपटलावरून मधुमेहाचे व रक्तदाबाचे दुष्परिणाम कळतात, आणि मज्जातंतू जेथे डोळ्याबाहेर पडतो त्या जागेवरून काचबिंदूचा संशय येतो.

येथे फीचा उलगडा होतो. नंबर काढण्याचा खर्च दुकानदार चष्म्याच्या किमतीत बसवू शकतो. दृष्टिपटल पाहायला मात्र बाहुली मोठी करणारे थेंब, उपकरणे, वेळ आणि सरावलेली नजर लागते. त्याचे पैसे वेगळे घ्यावे लागतात. म्हणून ‘किती पैसे?’ याआधी ‘यात काय काय तपासणार?’ हे विचारलेले बरे.

हे पैसे कोणी द्यायचे, याचा मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा दृष्टितपासणी व चष्मे दोन्ही मोफत होते. वर्षानुवर्षे अडलेल्या लोकांची इतकी गर्दी झाली, की खर्चाचे अंदाज कोसळले. १९५१ साली, कोरियन युद्धामुळे शस्त्रांवरचा खर्च वाढलेला असताना, चष्मे व कवळ्या यांवर आकार लावायचे ठरले. आरोग्य सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी त्याविरुद्ध मंत्रिपद सोडले. तपासणी मात्र मोफत राहिली, ती १९८९ पर्यंत. त्या वर्षी बहुसंख्य प्रौढांना फी लागू झाली. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फीनंतर नेत्र रुग्णालयाकडे पाठवल्या जाणाऱ्या रुग्णांची संख्या घटल्याचे आणि त्यात काचबिंदूचे रुग्णही असल्याचे दिसले. काचबिंदू बहुधा दुखत नाही, सुरुवातीला जाणवतही नाही. ज्याला काही त्रास नाही तो फी भरून तपासायला कशाला जाईल? आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. १९९९ साली इंग्लंडमध्ये साठीच्या पुढच्यांना तपासणी पुन्हा मोफत झाली. स्कॉटलंडने २००६ साली ती सर्वांनाच मोफत केली.

लहान मुलाची गोष्ट अशीच आहे. त्याला फळा पहिल्यापासून अंधुकच दिसत असेल, तर सर्वांनाच तो तसा दिसतो असे त्याला वाटते. ते तक्रार करत नाही. शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवते आणि ‘लक्ष नाही’ हा शेरा मिळवते. आपल्याकडे अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि १९९४ पासून त्यात शालेय नेत्रतपासणी आली. त्यातली पहिली चाळणी शिक्षकांनी लावायची असते.

ती चाळणी गणिताच्या तासालाही समजावून देता येईल. ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ३७,७०० मिलिमीटर. वर्तुळात २१,६०० मिनिटे. म्हणजे एका मिनिटाला सुमारे पावणेदोन आणि पाच मिनिटांना सुमारे ८.७ मिलिमीटर. एवढ्या उंचीचे, तीन आडव्या दांड्यांचे इंग्रजी ‘ई’ अक्षर काळ्या शाईने काढा. ६ मीटरवर, चांगल्या उजेडात, एकेक डोळा तळहाताने झाकून, दांड्यांची तोंडे कोणीकडे आहेत ते मुलाला बोटाने दाखवायला सांगा. अक्षर फिरवून पुन्हा विचारा. जे अडखळेल त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. जे अडखळले नाही त्याच्या डोळ्यात दोष नाहीच, असे मात्र या कागदावरून म्हणता येत नाही. दूरदृष्टिदोष असलेली कित्येक मुले डोळ्यांवर ताण देऊन ते अक्षर ओळखतात. या कागदाला पैसे पडत नाहीत. वर्गाच्या मागच्या भिंतीपासून ६ मीटर मोजणारी टेप तेवढी लागते.