दोन कॉइल्समध्ये अंतर किती ठेवायचं?

इयरफोन लावलेत ना? आज एका साध्या प्रश्नाचा इतिहास बघूया. तारेची दोन सारखी गोल वेटोळी समोरासमोर ठेवायची, तर त्यांच्यात अंतर किती हवं? उत्तर एका ओळीचं आहे: वेटोळ्याच्या त्रिज्येइतकं. पण ही ओळ पुढे इलेक्ट्रॉनच्या शोधात कामाला आली.

1820 साली कोपनहेगनमध्ये अर्स्टेडला दिसलं, की तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसूची हलते. म्हणजे सूई किती वळली यावरून वीज मोजता येणार! 1837 मध्ये फ्रान्सच्या पुयेने टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर केला. उभं वेटोळं आणि मधोमध सूई. पण त्याचं गणित धरून चालतं, की सूईच्या सगळ्या लांबीवर चुंबकीय क्षेत्र सारखंच आहे. एका वेटोळ्याचं क्षेत्र तसं नसतं, मध्यापासून जरा सरकलं की बदलतं. सूई जितकी लांब, तितकी चूक मोठी.

आता येतो हर्मन हेल्महोल्ट्झ. हा मुळात डॉक्टर, तोही लष्करातला! मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, हे त्याने 1850 च्या सुमारास बेडकांवर मोजलं, आणि तो क्षणभराचा वेळ मोजायला गॅल्व्हानोमीटरच वापरला. 1849 मध्ये बर्लिनच्या फिजिकल सोसायटीत त्याने सुचवलं: एक नको, दोन वेटोळी घ्या.

यातली गंमत समजून घ्या. वेटोळ्यापासून अक्षावर दूर जाताना क्षेत्र आधी हळू, मग भराभर, मग पुन्हा हळू घटतं. त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर उतार सगळ्यात जास्त असतो आणि तिथे आलेख जवळपास सरळ रेषेत जातो. तिथेच दुसऱ्या वेटोळ्याचा उलटा उतार आणून बसवला, की एकाचं जितकं घटतं तितकं दुसऱ्याचं वाढतं. बेरीज सपाट! निम्मी अधिक निम्मी, म्हणून अंतर एक त्रिज्या. वेटोळी जवळ आणली तर मध्ये उंचवटा येतो, लांब नेली तर खड्डा पडतो.

किती सपाट? त्रिज्या 10 सेंटिमीटर असेल, तर मध्यापासून अक्षावर 1 सेंटिमीटर सरकूनही फरक फक्त 0.012 टक्के.

1897 मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसनने कॅथोड किरण विजेने आणि चुंबकाने सारखेच वळवून त्यांचा वेग काढला. चुंबकीय क्षेत्रासाठी त्याने नळीबाहेर दोन कॉइल्स लावल्या होत्या, आणि त्यांच्यातलं अंतर होतं बरोबर त्रिज्येइतकं. क्षेत्र वाटेत बदलत राहिलं असतं, तर हिशेबात कुठला आकडा घालायचा, हाच प्रश्न पडला असता. त्या हिशेबातून कळलं, की हे कण अणूपेक्षा कितीतरी हलके असावेत.

आजही कॉलेजच्या लॅबमध्ये हाच प्रयोग होतो. 15 सेंटिमीटर त्रिज्या, प्रत्येकी 130 वेढे आणि 1 अँपिअर वीज असेल, तर मध्ये साधारण 0.78 मिलिटेस्ला क्षेत्र मिळतं, आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे अठरा पट. आणि अशा तीन जोड्या एकमेकींना काटकोनात लावल्या, की पृथ्वीचं क्षेत्रही तिथल्यापुरतं रद्द करता येतं. मोबाईलमधल्या कंपाससारखे सेन्सर तपासायला अशीच जागा लागते.

मला यात आवडतं ते हे, की हेल्महोल्ट्झने महाग सामान किंवा जास्त वीज मागितली नाही. फक्त दोन वस्तूंमधलं अंतर विचार करून ठरवलं. पुढच्या भागात भेटूच. तोवर कॉलेजच्या लॅबमध्ये ती जोडी दिसली, तर पट्टी लावून बघाच!