बोटभर सैनिक आणि ते रंगवणारे हात



दिवाळी जवळ आली की आपल्या दारात पोरं दगडमातीचा किल्ला करतात. त्यावर मोहरी, अळीव पेरतात. बाजारातून मातीचे मावळे येतात, बुरुजावर उभे राहतात, आणि सगळ्यात वर महाराज बसतात. मावळ्याचा फेटा कुठे ओघळलेला असतो, मिशी कुठे वाकडी असते. पण तो मावळा कोणी रंगवला, हे आपण कधी विचारतो का? आज त्याच प्रश्नाचा माग काढत आपण थोडं लांब, युरोपात जाणार आहोत. तिथे बोटभर उंचीचे सैनिक बनवायची, ते रंगवायची आणि त्यांच्या लढाया मांडायची अडीचशे वर्षांची जुनी रीत आहे. आज तो मोठा छंद आहे आणि मोठा धंदाही आहे.

त्या रीतीचं एक मूळ आपल्याच देशात आहे. आपला जुना चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सैन्याचा खेळ. तो इराणमार्गे युरोपात गेला आणि त्याचं बुद्धिबळ झालं. जर्मनीतल्या ब्रुन्सविक शहरात हेलविग नावाचे एक गणिताचे शिक्षक होते. त्यांनी १७८० साली याच बुद्धिबळाचा पट वाढवला. त्यात डोंगर, नद्या, गावं आणली आणि लढाईचा खेळ तयार केला. पुढे प्रशियाच्या राज्यात राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी हा खेळ आणखी खरा केला. वडिलांनी १८१२ मध्ये तो राजाला दाखवला. मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले आणि सैन्यातले अधिकारी त्यावर शिकू लागले. म्हणजे खेळ मोठ्या माणसांचा होता, आणि कामाचाही होता.

त्याच काळात जर्मनीच्या न्यूरेंबर्ग शहरात पोरांसाठी कथलाचे सैनिक बनू लागले. हिल्पर्ट नावाच्या घराण्याने अठराव्या शतकात हे काम नावारूपाला आणलं. दगडाच्या पाटीवर उलटी आकृती कोरायची, दोन पाट्या जुळवून साचा करायचा आणि त्यात वितळलेलं कथील ओतायचं. सैनिक पत्र्यासारखा चपटा निघायचा. १८३९ मध्ये हाइनरिक्सन नावाच्या कारागिराने तिथेच आपला कारखाना काढला. त्याच्या सैनिकांची उंची ३० मिलिमीटर होती, म्हणजे साधारण आपल्या अंगठ्याच्या वरच्या एका पेराएवढी. पुढे तेच माप बाकीच्यांनीही धरलं.

ओतकाम कारखान्यात व्हायचं. रंगकाम मात्र घराघरांत जायचं, आणि ते बायका आणि मुलं करायची. मजुरी नगावर मिळायची. कारखानदाराचं नाव डब्यावर छापलेलं असायचं. रंगवणारीचं नाव कुठेच नसायचं. मैत्रिणींनो, विड्या वळणाऱ्या, उदबत्त्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या बाईला ही गोष्ट नवीन वाटणार नाही.

आता मधेच एक गोड गोष्ट सांगते. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात हॉवर्थ नावाचं गाव आहे. तिथल्या पाद्र्यांनी जून १८२६ मध्ये आपल्या मुलासाठी लीड्स शहरातून लाकडी सैनिकांचा डबा आणला. डब्यात १२ सैनिक होते. मुलाचं नाव ब्रॅनवेल. त्याच्या तीन बहिणी होत्या. शार्लट १० वर्षांची, एमिली ७ वर्षांची आणि अ‍ॅन ६ वर्षांची. खेळणं भावासाठी आणलेलं, पण बहिणींनीही एकेक सैनिक उचलला. शार्लटने आपल्या सैनिकाला नाव दिलं ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हा वेलिंग्टन म्हणजे तोच इंग्रज सेनापती, जो २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. असईची लढाई जिंकलेला माणूस एका लहान मुलीच्या मुठीत लाकडाचा होऊन बसला.

त्या चौघांनी त्या १२ सैनिकांची राज्यं बनवली. शहरं, राजे, भांडणं, तह, सगळं काही. काड्यापेटीएवढ्या वह्या शिवून, मुंगीएवढ्या अक्षरात त्या राज्यांचा इतिहास लिहिला. पुढे याच तीन बहिणी, म्हणजे ब्राँटे भगिनी, इंग्रजीतल्या मोठ्या कादंबरीकार झाल्या. शार्लटची ‘जेन आयर’ आणि एमिलीची ‘वुदरिंग हाइट्स’ १८४७ साली छापली गेली. पण बाईचं नाव दिसलं की लोक पुस्तकाकडे नीट बघत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. म्हणून तिघींनी बाई की पुरुष ते कळणार नाही अशी नावं घेतली. बघा, इथेही प्रश्न नावाचाच आला.

१८९३ मध्ये लंडनमधल्या ब्रिटन घराण्यातल्या विल्यम ब्रिटन यांनी नवी युक्ती काढली. तापवलेलं शिसं साच्यात ओतलं की कडेचं आधी थिजतं. जसं तूप भांड्याच्या कडेला आधी थिजतं आणि मधे पातळ राहतं, तसंच. मधलं पातळ शिसं तेवढ्यात बाहेर ओतून टाकायचं. सैनिक आतून पोकळ राहतो. धातू कमी लागतो, वजन घटतं, भाव उतरतो. जर्मन सैनिक भरीव आणि महाग होते. ब्रिटनचे सैनिक स्वस्त पडले आणि घरोघर गेले.

इथेही रंगाचं काम बायकांकडे होतं. काही कारखान्यात बसून रंगवत, काही माल घरी नेत. आणि धातू होता शिसं. शिसं पोटात गेलं की अंगात साठतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त बाधतं. हे जसजसं लोकांना कळत गेलं तसे रंगाचे आणि खेळण्यांचे नियम कडक होत गेले. ब्रिटन कंपनीने १९६६ मध्ये शिशाचे सैनिक बनवणं थांबवलं.

नगावर काम करणाऱ्या बायकांचं पुढे काय झालं, तेही ऐका. १९०६ मध्ये लंडनला एक वेगळंच प्रदर्शन भरलं. त्यात घरी बसून, कवडीमोल मजुरीवर काम करणाऱ्या बायका लोकांसमोर आपलं काम करून दाखवत होत्या. कोणत्या वस्तूला किती तास लागतात आणि हातात किती पैसे पडतात, ते तिथे मांडलेलं होतं. बघणाऱ्यांना आपण रोज वापरतो त्या वस्तूंची खरी किंमत कळली. लोकांनी ओरड केली आणि १९०९ मध्ये कायदा झाला. चार धंद्यांत किमान मजुरी ठरवण्यासाठी मंडळं नेमली गेली. शिवणकाम, कागदी खोकी, यंत्रावरच्या लेसची हाताने करायची शेवटची कामं, आणि लोखंडी साखळ्या. खेळणी त्या पहिल्या चारांत नव्हती.

पण नुसता कायदा झाल्याने पैसे हातात पडले नाहीत. क्रॅडली हीथ या गावात बायका घरामागच्या छपरात भट्टी पेटवून साखळीच्या कड्या ठोकायच्या. नवे दर ठरले तरी मालक द्यायला तयार नव्हते. १९१० मध्ये मेरी मॅकार्थर या संघटक बाईंच्या पुढाकाराने त्या दहा आठवडे संपावर राहिल्या. देशभरातून मदत आली. शेवटी मालकांना दर द्यावे लागले. संपाच्या फंडातून जे पैसे उरले, त्यातून गावात कामगारांसाठी इमारत बांधली गेली. उरलेल्या पैशाचं काय करायचं, हा विषय आपल्या गटातही नेहमी निघतो. त्यांचं उत्तर आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इकडे खेळही बदलत होता. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक काढलं. जमिनीवर सैनिक मांडायचे आणि खेळण्यातल्या तोफेने पाडायचे, असा तो खेळ. हा खेळ मुलग्यांचा, मुलींपैकी फक्त जास्त हुशार असतील त्यांचा, असं त्यांनी पुस्तकाच्या नावातच लिहून टाकलं. ब्राँटे बहिणींचा डबा त्यांना आठवला नसावा. पण त्याच पुस्तकात त्यांनी एक चांगली गोष्टही मांडली. खऱ्या लढाईपेक्षा ही छोटी लढाई बरी, कारण यात कोणाचं घर जळत नाही. दुर्दैव असं की पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

नंतर या खेळात राक्षस, बुटके, जादूगार आणि ड्रॅगन शिरले. टोल्किन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ मध्ये आली आणि लोकांना कल्पनेतल्या राज्यांचं वेड लागलं. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. १९७५ मध्ये लंडनला तीन मित्रांनी गेम्स वर्कशॉप नावाची छोटी कंपनी काढली. त्यांच्याच मदतीने १९७९ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या न्यूआर्क गावात सिटाडेल हा छोट्या मूर्ती ओतण्याचा कारखाना सुरू झाला. १९८३ मध्ये त्यांचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला आणि १९८७ मध्ये हजारो वर्षांनंतरच्या काळातलं युद्ध दाखवणारा ‘वॉरहॅमर ४०,०००’. आज ही कंपनी नॉटिंगहॅममध्ये आहे आणि तिचा माल जगभर जातो. नॉटिंगहॅम हे पूर्वीचं लेसचं शहर. १९०९ च्या कायद्यातली लेस इथल्याच बायकांच्या हातून घरोघरी पुरी होत होती.

या खेळात चित्रांना फार मान आहे. पुस्तकांत आणि डब्यांवर मोठी चित्रं असतात. जॉन ब्लँच या चित्रकाराने तिथे कितीतरी वर्षं काम केलं. त्यांची चित्रं तांबूस, धुरकट असतात. फाटके झेंडे, मेणबत्त्या, कवट्या, गंजलेली चिलखतं. ती बघून खेळणाऱ्याला कळतं की हातातली ही बोटभर मूर्ती कुठल्या जगातून आली. ती मग त्याच मनाने रंगवली जाते.

रंगवायची रीत आपल्याला समजेल अशीच आहे. आधी सगळ्या मूर्तीवर एकसारखा अस्तराचा हात देतात. मग कपडे, कातडी, लोखंड यांचे मूळ रंग भरतात. त्यावर गडद रंग पाण्यासारखा पातळ करून फिरवतात. तो खाचांत, चुण्यांत जाऊन बसतो आणि सावली तयार होते. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून फिकट रंग हलकेच घासतात. डोळे शेवटच्या टप्प्यात, श्वास रोखून. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी कसलेल्या हाताकडेच देतात, तसंच हे आहे. मूर्ती आता बहुतेक प्लॅस्टिकच्या असतात, शिसं गेलं. १९८७ पासून ही कंपनी रंगकामाची स्पर्धाही घेते. जिंकणाऱ्याला पुतळा मिळतो, फोटो छापतात, नाव छापतात.

या कामात बायकाही पुढे आल्या. सिटाडेलसाठी ट्रिश मॉरिसन यांनी ड्रॅगन आणि अक्राळविक्राळ जनावरं घडवली. अमेरिकेत ज्यूली गुथरी यांनी कितीतरी वीर आणि वीरांगना घडवल्या. त्यांची कामं आज लोक त्यांच्या नावाने ओळखतात.

आता जरा थांबून विचार करू. काम तेच आहे. बोटभर मूर्ती, बारीक ब्रश, ताणलेले डोळे, अवघडलेली पाठ. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तेच काम बायका घरी पोटासाठी करत होत्या तेव्हा त्याला हलकं काम म्हणत. आज तेच काम लोक पदरचे पैसे खर्चून आवडीने करतात आणि त्याला कला म्हणतात. काही जण दुसऱ्यांच्या सेना रंगवून देतात आणि त्याचा भाव स्वतः सांगतात. हात दोघांचेही कसबीच. फरक पडला तो भाव कोण ठरवतं, वेळ कोणाच्या ताब्यात आहे आणि कामावर नाव कोणाचं लागतं, यामुळे.

म्हणून या इतिहासातून आपल्या गटासाठी तीन कामं घेऊ या. पहिलं, हिशोब तासाचा मांडायचा. १९०९ च्या कायद्यातलं तत्त्व हेच होतं. नगावरचा दर असा हवा, की सर्वसाधारण हाताच्या बाईला तासाची किमान मजुरी तरी सुटली पाहिजे. समजा १०० नगांचे ६० रुपये मिळतात आणि ते करायला ५ तास लागतात. मग तासाला पडले १२ रुपये. त्यातून दोरा, डिंक, वीज वजा करा. हा आकडा कागदावर आला की व्यापाऱ्याशी बोलायला तोंड फुटतं, आणि एकटीने बोलण्यापेक्षा दहा जणींनी मिळून बोललेलं बरं. दुसरं, रंग, रसायन, तंबाखू, धूळ यांचं काम चुलीजवळ आणि लेकरांजवळ नको. ब्रश तोंडात धरून टोक काढायची सवय असेल तर आजच सोडा. तिसरं, आपल्या मालावर आपलं नाव टाका. गटाचं नाव तर हवंच, जमलं तर करणारीचंही.

आणि येत्या दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडताना पोरांबरोबर पोरींच्याही हातात ब्रश द्या. फेटा थोडा ओघळला तरी चालेल.