जॉर्डनने पास दिला तेव्हा

मुलींच्या संघात बॉल हातात आला की मी थेट बास्केटकडे धावायची आणि ‘अगं, पास दे!’ म्हणून ओरडता ओरडता सरांचा घसा बसायचा. माझं उत्तर ठरलेलं: मायकल जॉर्डन तरी कुठे पास देतो?

नोकरीला लागल्यावर जुने सामने पाहिले, तेव्हा चूक कळली. १९८६-८७ मध्ये जॉर्डनची सरासरी सामन्याला ३७.१ गुण होती. तरी शिकागो बुल्सने ८२ पैकी ४२ सामने गमावले आणि पहिल्याच फेरीत बॉस्टनकडून ३-० असा मार खाल्ला. १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले. सहायक प्रशिक्षक टेक्स विंटर यांची ‘ट्रँगल’ पद्धत त्यांनी संघात रुजवली: तिघांचा त्रिकोण, बॉल सतत फिरता, जो मोकळा त्याचा शॉट. जॉर्डनला हे सहजासहजी पटलं नाही. पण १९९१ च्या अंतिम फेरीत, लेकर्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, बचावपटू अंगावर धावून आले की तो मोकळ्या जॉन पॅक्सनला बॉल देत राहिला. पॅक्सनने २० गुण केले. बुल्सचं ते पहिलं विजेतेपद. आणि त्या मोसमातही सर्वाधिक सरासरी जॉर्डनचीच, ३१.५!

सर, मेळाव्याला मैदानावर उतरलोच, तर पहिला पास मी देणार आहे.