घागरीचे वजन आणि भास्कराचार्य

आता मंडळी, आपल्या नांदेड-लातूरकडची तांब्याची घागर घ्या. पूर्ण गोल समजू. बाहेरचा व्यास 30 सेंटिमीटर, पत्रा 1 मिलिमीटर. तांबं किती लागलं? पृष्ठफळ 2827 चौरस सेंटिमीटर. त्याला जाडीनं गुणा, मग घनता 8.96 नं. अडीच किलोच्या जरा वर. बाहेरच्या गोलातून आतला वजा करत बसलात तर उत्तर फक्त 17 ग्रॅमनं कमी येतं. कलनशास्त्रात यालाच डिफरन्शियल म्हणतात.

भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणि 1150 चा. पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की गोलाचे घनफळ, हे ते सांगतात. आणि उपपत्तीही देतात. पृष्ठावर पाया आणि केंद्रात टोक असलेल्या सुया कल्पायच्या, त्यांची घनफळे मिळवायची. ग्रहांची तात्कालिक गती त्यांनी ज्यांच्या फरकांवरून काढली, तीही याच ग्रंथात.

मग कलन त्यांचेच का? सभेत असं म्हटलं की टाळ्या पडतात. पण सुया मिळवणं वेगळं, आणि व्यास किंचित वाढला तर घनफळ किती वाढेल हे विचारणं वेगळं. घागरीला दुसरा प्रश्न लागतो. तात्कालिक बदलाचा हा विचार त्यांनी ग्रहांच्या बाबतीत केला. गोलाच्या उपपत्तीत तो नाही.